रशियनमधलं ‘बक्षीस’ इंग्रजीत नेताना – मदत हवी आहे

सुखदा_म

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. इथे रशियन येणारे चारपाच जण तरी आहेत हे माहितीये म्हणून इथेच विचारते.

मी रशियन ते इंग्रजी भाषांतराची कामं घरून करते. सध्या एका एजन्सीकडून (नाव नको) एक मोठी फाईल आलीय, तिच्यात सगळी खिचडी आहे, एका कंपनीचे एचआरचे नियम, एजंटबरोबरचे करार, हरवलं-सापडलंच्या नोटिसा आणि वर एका वेबसिरीजचे संवाद. या सगळ्यात सामाईक गोष्ट एकच, कोणीतरी कोणाला तरी काहीतरी ‘देऊ’ म्हणतोय. बक्षीस, बोनस, मेहरबानी, पार्टी, काहीही. आणि एजन्सीचा आग्रह असा की एका रशियन शब्दाला एकच इंग्रजी शब्द ठेवा, सॉफ्टवेअर दुसरा शब्द दिसला की लाल करून दाखवतं.

आता ‘वझनाग्राझ्देनिये’ हा शब्द घ्या. डिक्शनरीत पहिला अर्थ रिवॉर्ड. पण एजंटच्या करारात ‘आगेन्त्स्कये वझनाग्राझ्देनिये’ आहे तिथे रिवॉर्ड लिहिलं तर एजंटला काय ट्रॉफी देणार आहेत का? तिथे फी किंवा कमिशनच पाहिजे. संचालक मंडळाचं असेल तर रेम्युनरेशन. लेखकाचं किंवा संशोधकाचं असेल तर परत रेम्युनरेशन नाहीतर रॉयल्टी, ते करारावर आहे. कुत्रा हरवला असेल तर रिवॉर्ड. शब्द एकच, आणि इंग्रजीत माणूस बदलला की शब्द बदलतो.

माझी यादी, जिथे अडलेय ती:
‘प्रोस्बा विर्नूत झा वझनाग्राझ्देनिये’ (हरवल्याच्या नोटिशीत)
‘नि अबीझू’
‘व्ह दल्गू नि अस्तानुस’
‘अझलाचू!’
‘स्तिब्या मागारिच’
‘प्रित्स्ताव्हिली क् नाग्राद्ये’
‘पोल्त्सार्स्त्वा झा चाश्कू कोफे’

सुचवा काहीतरी. सोमवारी द्यायचंय.

भिलाईकर_काका

सुखदाताई, धागा वाचून बरं वाटलं. मी सत्तरच्या दशकात भिलाईच्या कारखान्यात दुभाषा होतो, सोव्हिएत इंजिनियर आणि आपले लोक यांच्या मधे उभं राहून दिवसभर बोलायचं हेच काम. तुमचा प्रश्न आमच्या वेळी पण होता, फक्त सॉफ्टवेअर नव्हतं, लाल करायला आमचे साहेब होते.

एक पक्कं ध्यानात ठेवा. रशियनमधे देणारा कोण आणि कुठल्या खुर्चीवर बसून देतोय त्यावर शब्द ठरतो. नाग्रादा (बक्षीस, पदक) ही वरून येते, सरकारकडून, सेनेकडून, नशिबाकडून. प्रेमिया पगाराच्या बरोबर येते, म्हणजे बोनस, पण नोबेल पण प्रेमियाच, त्यामुळे ‘नोबेल बोनस’ लिहिणारे महाभाग मी बघितलेत. प्रीझ म्हणजे स्पर्धेतलं. आणि ‘पाअश्श्रेनिये’ म्हणजे उत्तेजन, त्याच्यात पैसा असेलच असं नाही. रशियाच्या कामगार कायद्यात कलम १९१ हे याच नावाचं आहे, त्यात काय काय येतं बघा, आभार जाहीर करणं, प्रेमिया देणं, किमती भेटवस्तू, मानपत्र, आणि आपल्या कामातला सर्वोत्तम म्हणून नाव पाठवणं. आभार सगळ्यात आधी आहेत, पैसे नंतर!

तर हे ‘अब्याव्हित् ब्लागादार्नस्त्’ शब्दशः म्हणजे कृतज्ञता जाहीर करणं. इंग्रजीत ‘डिक्लेअर्ड ग्रॅटिट्यूड’ लिहिलंत की वाचणारा चक्रावणार. ते ऑफिशियल कमेंडेशन आहे, सर्व्हिस रेकॉर्डमधे चढतं. सैन्यात अधिकारी असे आभार जाहीर करतो तेव्हा जवान ताठ उभा राहून ‘स्लुझू रासीई’ म्हणतो, म्हणजे मी रशियाची सेवा करतो. आमच्या वेळी ‘सोव्हिएत संघाची’ असं होतं.

खडूस_पुणेकर

नोबेल बोनस =)) हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

तुषार_कझान

सुखदाताई मी इथे रशियात कझानला मेडिकल करतोय त्यामुळे बोलीभाषेतल्यांचं मी सांगतो, पुस्तकी मला विचारू नका.

‘नि अबीझू’ शब्दशः ‘मी दुखावणार नाही’. पण प्लंबर, टॅक्सीवाला, सामान चढवणारा यांच्याशी बोलताना त्याचा अर्थ ‘पैशाची काळजी करू नकोस, नीट देईन’. रक्कम सांगायची नाही, हा त्याचा मेन पॉइंट आहे. आपल्याकडे ‘तुम्ही करा हो, बघू ना नंतर, नाराज नाही करणार’ असं म्हणतात ना, सेम टू सेम! मराठीत आहेच ते, नाराज करणार नाही. इंग्रजीतच नाहीये.

आणि ‘अत्ब्लागादार्यू’ पण तुमच्या फाईलीत असणार बघा. साधं ‘ब्लागादार्यू’ म्हणजे आभार मानतो. पुढे ‘अत्’ लागला की आभार खिशातून बाहेर येतात :) ‘डॉक्टर, मी अत्ब्लागादार्यू’ म्हणाला पेशंटचा नातेवाईक की थँक यू म्हणणार नाहीये तो, काहीतरी आणून देणारे. बहुतेक चॉकलेटचा डबा नाहीतर कोन्याक. इथे आम्हाला लेक्चरमधे पण सांगितलं होतं की सिव्हिल कोडचं कलम ५७५ आहे, त्यात ३००० रुबलपर्यंतची ‘साधी भेट’ चालते, त्याच्यावर पेशंटकडून डॉक्टरला नाही. त्यामुळे ‘आय विल थँक यू’ लिहिलं तर सीनच कळणार नाही बघणाऱ्याला.

सुखदा_म

तुषार, आहे ना, तीन वेळा आलंय ते! आणि मी तिन्ही वेळा ‘आय’ल बी ग्रेटफुल’ करून ठेवलं होतं, आता बदलते. पण ‘नि अबीझू’ ला मग काय करू?

अनुवादिनी

‘आय’ल मेक इट वर्थ युअर व्हाइल’. दोन्हीला चालेल. पुढचा.

खडूस_पुणेकर

अहो नाही चालणार. ‘मेक इट वर्थ युअर व्हाइल’ म्हटलं की इंग्रजीत डोळा मारल्यासारखं वाटतं, काहीतरी काळंबेरं चाललंय असं. प्लंबरला कोण असं म्हणेल? पोलिसाला म्हणतील. सिरीजमधे सीन कुठला आहे ते आधी सांगा.

सुखदा_म

सीन असा आहे की म्हातारी आजी शेजारच्या पोराला कपाट वर चढवायला सांगते आणि म्हणते ‘सिनोक, पामागी, या नि अबीझू’, म्हणजे ‘बाळा, मदत कर, नाराज नाही करणार’. दुसऱ्या एका सीनमधे एक बिल्डर सरकारी बाईंना हेच म्हणतो. वाक्य तेच.

खडूस_पुणेकर

हे बघा, झालं की! बिल्डरला ते ‘वर्थ युअर व्हाइल’ द्या, आजीला नका देऊ. आजी म्हणेल ‘आय’ल सी यू राइट’, पण ते फार ब्रिटिश आहे, अमेरिकन क्लायंट असेल तर ‘आय’ल गिव्ह यू समथिंग फॉर युअर ट्रबल’. सॉफ्टवेअर लाल होऊ दे नाहीतर जांभळं.

अनुवादिनी

आजीसाठी मान्य. पण बिल्डर आणि आजी तेच वाक्य बोलतात ही लेखकाने मुद्दाम केलेली गंमत असेल तर? दोन वेगळी वाक्यं केली की ती गेली. मी तरी ‘यू वोन्ट बी सॉरी’ घेईन दोघांना, दोन्हीकडे बसतं.

खडूस_पुणेकर

‘यू वोन्ट बी सॉरी’ मधे पैसा कुठाय? सेल्समन पण तेच म्हणतो मिक्सर विकताना.

अनुवादिनी

‘नि अबीझू’ मधे तरी पैसा कुठाय हो? तोच तर मुद्दा आहे.

मी_चिंगी

भांडा भांडा, मी पॉपकॉर्न घेऊन बसलेय. मला रशियनचं अक्षर येत नाही पण धाग्याची वाचनखूण साठवलीय.

वकीलसाहेब_ठाणे

रशियन मलाही येत नाही, पण करारांची इंग्रजी भाषांतरं तपासतो, रशियन सिव्हिल कोडच्या इंग्रजी प्रती कामासाठी वाचाव्या लागतात. एक गोष्ट या धाग्यावर अजून कोणी काढली नाही आणि ती सगळ्यात महाग पडू शकते म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजीत आपण सहज ‘ऑफर अ रिवॉर्ड’ म्हणतो. पण इंग्रजी कायद्यात ‘ऑफर’ हा तांत्रिक शब्द आहे. कोणीतरी ऑफर करतो, दुसरा ती स्वीकारतो, मग करार होतो. सगळ्यांना कॉलेजात शिकवतात ती १८९३ ची कार्लिल केस, कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली की आमचा गोळा सांगितल्याप्रमाणे वापरून फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, बाईंनी वापरला, फ्लू झाला, कोर्टाने सांगितलं ही जगाला केलेली ऑफर आहे, बाईंनी अटी पाळल्या म्हणजे स्वीकारली, द्या पैसे.

याची दुसरी बाजू आपल्याकडची, अलाहाबाद हायकोर्ट, १९१३, लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त. मालकाचा पुतण्या घरातून पळून गेला, मुनीम लालमनला शोधायला पाठवलं, तो गेल्यावर मागे मालकाने ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. लालमनने पोरगा शोधून आणला, बक्षिसाचं त्याला तोपर्यंत माहितीच नव्हतं. नंतर कळल्यावर मागितलं तर कोर्ट म्हणालं, ज्या ऑफरची खबरच नव्हती ती तू स्वीकारलीस कशी? नाही मिळणार.

आता रशियन सिव्हिल कोड कलम १०५५. शीर्षकच आहे ‘पब्लिक प्रॉमिस ऑफ अ रिवॉर्ड’, ऑफर नाही, प्रॉमिस. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की काम जाहिरातीमुळे केलं की जाहिरात न बघताच केलं याच्याशी संबंध नाही, दोन्ही बाबतीत बक्षीस देणं लागतं. म्हणजे लालमन बिचारा मॉस्कोत खटला लढला असता तर जिंकला असता! (काळ जरा पुढे मागे होईल पण मुद्दा समजून घ्या.) त्याच कलमात अजून आहे, रक्कम लिहिली नसेल तर दोघांनी ठरवायची, भांडण झालं तर कोर्ट ठरवेल. आणि खूप जणांनी तेच काम केलं तर पहिल्याला.

म्हणून कायद्याच्या कागदात ‘अबिश्शात् नाग्रादू’ (बक्षीस कबूल करणं) ला ‘ऑफर’ करू नका, प्रॉमिसच ठेवा, इंग्रजी कानाला जड वाटलं तरी. वर्तमानपत्राच्या बातमीत ऑफर करा, तिथे कोणी कोर्टात जात नाही.

भिलाईकर_काका

वकीलसाहेब, दंडवत घ्या. हे मला माहीत नव्हतं. आणि क्रियापदं पण तसंच सांगतात बघा. रशियनमधे बक्षीस ‘नाझ्नाचित्’ करतात म्हणजे नेमतात, ‘अब्याव्हित्’ करतात म्हणजे जाहीर करतात, ‘अबिश्शात्’ करतात म्हणजे कबूल करतात. ‘प्रिद्लागात्’ म्हणजे ऑफर करणं, हे पण आता बातम्यांत दिसतं, अमुक देश तमक्याच्या माहितीसाठी इतके कोटी डॉलर देऊ करतोय, पण जुन्या कानाला ते नेमलेलंच बरं वाटतं. एखाद्याच्या डोक्यावर इनाम लावणं म्हणजे ‘नाझ्नाचित् नाग्रादू झा गोलवू’. मराठीत पण आपण इनाम लावतो, जाहीर करतो, ठेवतो. देऊ करत नाही फारसं.

अनुवादिनी

काका +१. आणि बातमीच्या भाषेचं अजून एक. २०१५ मधे सिनाईवर रशियन विमान पाडलं गेलं, तेव्हा एफएसबीने (रशियाची सुरक्षा यंत्रणा) ५ कोटी डॉलर जाहीर केले होते. रशियनमधे अशा वेळी ‘पकडायला हातभार लावणारी माहिती’ असं येतं. ‘कॉन्ट्रिब्युटिंग टू’ असं भाषांतर केलं तर कच्चं दिसतं, इंग्रजीत साचा ठरलेला आहे, ‘फॉर इन्फर्मेशन लीडिंग टू द अरेस्ट ऑफ’. हातभार आणि लीडिंग यात फरक आहे हे मला कळतं, हातभार लावणाऱ्या दहा जणांना पैसे मिळतील, लीडिंगवाल्याला एकट्यालाच, पण बातमीत मी साचाच घेते. जाहीरनामा जसाच्या तसा भाषांतर करायचा असेल तर मात्र शब्दाला शब्द.

सुखदा_म

वकीलसाहेब मनापासून धन्यवाद, फाईलीत एका स्पर्धेची नियमावली आहे त्यात नेमकं हे कलम नावानिशी आलंय, मी ऑफर लिहिलं होतं :(

बरं, हरवलेल्या वस्तूच्या नोटिशीचं कोणी सांगेल का? ‘नाशेद्शेमू वझनाग्राझ्देनिये’ असं तुकड्यातुकड्यातलं आहे.

भिलाईकर_काका

अहो ही तर आपली मराठी नोटीस आहे! ‘आणून देणाऱ्यास योग्य ते बक्षीस दिले जाईल.’ नाशेद्शेमू म्हणजे ‘सापडलेल्यास’, नव्हे, ‘ज्याला सापडलं त्याला’, चतुर्थी विभक्ती, एका शब्दात. आपण ‘देणाऱ्यास’ म्हणतो आणि वाक्य मोकळं होतं. इंग्रजीत हे धातुसाधित बनवून त्याला विभक्ती लावायची सोयच नाही, ‘टू द पर्सन हू फाउंड’ असं लांबण लागतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो की रशियनमधून आधी मनात मराठी करा, मग इंग्रजीच्या वाटेला जा. विद्यार्थी हसायचे, पण नोटिशीपुरतं तरी ते खरं आहे.

खडूस_पुणेकर

काका, मराठी करून झालं तरी इंग्रजी करावंच लागणार ना. खांबावर चिकटवलेल्या इंग्रजी कागदावर काय असतं? वर मोठ्या अक्षरात ‘लॉस्ट’, खाली कुत्र्याचा फोटो, खाली ‘रिवॉर्ड’, फोन नंबर. संपलं. वाक्य नसतंच. ‘प्लीज रिटर्न फॉर अ रिवॉर्ड’ हे रशियन ‘झा’ (-च्या बदल्यात) चं शब्दशः ओझं आहे, इंग्रजीत वाचलं की असं वाटतं बक्षिसाच्या आशेनेच परत कर बाबा, नाहीतर ठेव. ‘रिवॉर्ड फॉर सेफ रिटर्न’ करा.

वकीलसाहेब_ठाणे

एक धोक्याची सूचना. रशियन नोटिशीत ‘गुप्तता राखली जाईल’ छापाचं काही असेल आणि कोणाला तिथे ‘नो क्वेश्चन्स आस्क्ड’ टाकायचा मोह होईल, कारण कानाला छान लागतं. इंग्लंडसाठी असेल तर टाकू नका. तिथल्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टच्या कलम २३ खाली चोरीच्या किंवा हरवलेल्या मालासाठी ‘काही विचारणार नाही’ अशी जाहिरात देणं हा गुन्हा आहे, आणि छापणाराही त्यात येतो. दंड मोठा नाही, पण भाषांतरकारामुळे क्लायंटवर गुन्हा नोंदला गेला तर पुढचं काम विसरा.

शिवाय रशियात नोटिशीत बक्षिसाचा उल्लेख नसला तरी सापडणाऱ्याचा हक्क आहेच, सिव्हिल कोड कलम २२९, वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत. सापडल्याचं कळवलं नाही किंवा लपवायला बघितलं तर हक्क जातो. आपल्याकडे करार कायद्याच्या कलम १६८ मधे जाहीर केलेलं बक्षीस सापडणाऱ्याला मागता येतं, पण मालकाने काही जाहीरच केलं नसेल तर शोधण्याच्या कष्टाचे आणि खर्चाचे पैसे तो दावा लावून मागू शकत नाही. तेव्हा रशियन कागदात ‘कायद्याने ठरलेलं वझनाग्राझ्देनिये’ दिसलं तर ते मालकाचं औदार्य नाही, ते देणं आहे. तिथे मी ‘स्टॅच्युटरी रिवॉर्ड’ किंवा ‘फाइंडर्स फी’ बघितलंय, दुसरं मला आवडत नाही, दलाली वाटते.

मी_चिंगी

बापरे, मला रस्त्यात पाकीट सापडलं तर मी रशियाला जाईन

तुषार_कझान

‘स्तिब्या मागारिच’ राहिलं की! हे माझं आवडतं.

मागारिच म्हणजे सौदा झाला, काम झालं, की ज्याचा फायदा झाला त्याने पाजायचं. मूळ शब्द अरबी, तातारांकडून रशियनमधे आला म्हणतात, इथे तातारस्तानात ते ऐकायला जास्तच मजा वाटते. ‘स्तिब्या’ म्हणजे ‘तुझ्याकडून’. मित्राची परीक्षा सुटली, स्तिब्या मागारिच. आपल्या भाषेत ‘पार्टी लागू’! किंवा ‘पेढे कधी?’ आपण पेढे मागतो, हे बाटली मागतात, एवढाच काय तो फरक. उलटं ‘स्मिन्या’ म्हणजे ‘माझ्याकडून’, नोट्स दिल्या कोणी तर ‘स्मिन्या शकलात्का’, माझ्याकडून तुला चॉकलेट लागू.

गंमत म्हणजे क्रियापदच नाहीये. कोण देणार, कधी देणार, काही नाही. तुझ्याकडून बाटली, बास.

अनुवादिनी

‘ड्रिंक्स आर ऑन यू’. ‘स्मिन्या पीवा’ असेल तर ‘बीअर’स ऑन मी’. हे दोन्ही इंग्रजीला बरोबर बसतात, तिथेही फार सांगावं लागत नाही. फक्त ‘स्मिन्या प्रिचितायेत्सा’ (माझ्याकडे देणं लागतं) आलं तर बाटली उघड करू नका, तिथे ‘आय ओ यू वन’ पुरेसं, कारण रशियन वाक्यातही काय देणं लागतो ते बोललेलं नाही. ‘व्ह दल्गू नि अस्तानुस’ म्हणजे ‘तुझ्या ऋणात राहणार नाही’, ते मी ‘आय’ल रिटर्न द फेवर’ किंवा ‘आय वोन्ट फरगेट इट’ करते. मराठीतलं ‘उपकार ठेवणार नाही’ नको, ते भांडणात म्हणतात.

खडूस_पुणेकर

‘आय वोन्ट फरगेट इट’ माफियावाल्याच्या तोंडी टाकलं तर धमकी होईल. बघून.

सुखदा_म

खडूसभाऊ तुम्ही प्रत्येक वाक्यात गुन्हेगार शोधता का हो :)

‘अझलाचू’ ला ‘आय’ल कव्हर यू इन गोल्ड’ केलंय सध्या. हसू नका.

भिलाईकर_काका

हसत नाही. ‘सोन्याने मढवीन’ हे मराठीत किती सुंदर आहे, आणि रशियनमधे तर एकच क्रियापद. इंग्रजीत ‘कव्हर यू इन गोल्ड’ म्हटलं की रंगकाम वाटतं. ‘आय’ल मेक यू अ रिच मॅन’, बाई असेल तर वुमन. थोडं फिकं होतं, काय करणार.

‘सोन्याचे डोंगर कबूल करणं’ पण येईल कुठेतरी, ‘सुलीत् झलातीये गोरी’. ते ‘प्रॉमिस द मून’. आणि त्याला रशियन माणूस उत्तर देतो ‘अबेश्शानवा त्री गोदा झ्दूत’, कबूल केलेल्याची तीन वर्षं वाट बघतात. ‘स्पासीबा ना ख्लेब नि नामाझेश’, थँक्यू पावाला लावून खाता येत नाही. आणि नाइटिंगेलला गोष्टी सांगून पोट भरत नाही, अशीही म्हण आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘फाइन वर्ड्स बटर नो पार्सनिप्स’ आहे पण ती म्हण आज किती इंग्रज बोलतात देव जाणे, मी भिलाईत एकदाही ऐकली नाही. तुमच्या सिरीजमधे तरुण पोरगा बोलत असेल तर ‘थँक्स डझन्ट पे द रेंट’ असं काहीतरी आजचं करा.

मी_चिंगी

बोलाचीच कढी बोलाचाच भात!

भिलाईकर_काका

चिंगीताई, तेच. रशियन येत नाही म्हणता आणि येतंय की.

आता ‘प्रित्स्ताव्हिली क् नाग्राद्ये’. ही खरी खोड आहे. प्रित्स्ताव्हित् म्हणजे ‘प्रेझेंट’ करणं, म्हणून लोक सरळ ‘वॉज प्रेझेंटेड विथ ॲन अवॉर्ड’ लिहितात. साफ चूक. नावाची शिफारस वर गेली एवढाच अर्थ, पदक अजून मिळालेलं नाही, कदाचित मिळणारही नाही. ‘वॉज रेकमेंडेड फॉर अ डेकोरेशन’. युद्धात कित्येकांची शिफारस गेली आणि कागद हरवले, मग वीसतीस वर्षांनी कोणा म्हाताऱ्याला गावात बोलावून पदक दिलं जायचं. त्यावरून ‘नाग्रादा नाश्ला गिरोया’, पदकाला शेवटी वीर सापडला, असं वर्तमानपत्रं मथळा द्यायची. आता टवाळीत वापरतात, उशिरा येणाऱ्या कुठल्याही गोष्टीला, नाहीतर एखाद्याला त्याच्या लायकीचं फळ मिळालं की. त्याला इंग्रजीत जोड नाही, सीन बघून करावं लागेल.

आणि ‘ओर्देन’ वेगळं ‘मिदाल’ वेगळं हं. ओर्देन वरचं. सोव्हिएत कवी त्वार्दोव्स्कीच्या कवितेतला शिपाई त्योर्किन म्हणतो, मी गर्विष्ठ नाही, ओर्देन कशाला, मिदालवर पण राजी आहे. ‘या साग्लासिन ना मिदाल’ हे रशियन लोक अजून म्हणतात, थोडक्यात समाधान मानतो अशा चेष्टेत. ‘आय’ल सेटल फॉर अ मेडल’ छान बसतं.

तुषार_कझान

काका हे वाक्य आमचे ॲनाटॉमीचे सर म्हणतात! आज कळलं कुठून आलं ते

अनुवादिनी

कॉफीवालं माझ्याकडे. ‘पोल्त्सार्स्त्वा झा चाश्कू कोफे’, अर्धं राज्य एका कपासाठी. हे मूळचं शेक्सपियरचं, तिसऱ्या रिचर्डचं घोड्यासाठीचं (‘माय किंग्डम फॉर अ हॉर्स’), फक्त इंग्रजीत तो पूर्ण राज्य द्यायला निघालाय. रशियन रंगभूमीवर १८३३ च्या ब्र्यान्स्कीच्या भाषांतरात ‘अर्धं राज्य’ झालं आणि तेच लोकांच्या तोंडी बसलं. का केलं असेल ते उघड आहे मला वाटतं, वृत्तात बसायला हवं आणि रशियन लोककथेतला राजा नेहमी अर्धंच राज्य देतो, वर राजकन्या. आपल्या आजीच्या गोष्टीतला राजा पण तेवढाच हिशोबी, अर्धं राज्य आणि राजकन्येशी लग्न.

तर इंग्रजीत परत जाताना राज्य पूर्ण करून द्यायचं. ‘माय किंग्डम फॉर अ कॉफी’. ‘हाफ अ किंग्डम’ लिहिलंत तर इंग्रज वाचकाला शेक्सपियर दिसणारच नाही.

खडूस_पुणेकर

इथे मात्र सहमत. अर्ध्या राज्याचे पैसे वाचवू नका.

अवांतर: ‘क्नूत इ प्र्यानिक’ पण असणार एचआरच्या कागदात, चाबूक आणि मधाचा केक. इंग्रजीत ‘कॅरट अँड स्टिक’, आणि बघा, रशियनमधे मार आधी आणि खाऊ नंतर, इंग्रजीत गाजर आधी. क्रम फिरवायला विसरू नका, ‘स्टिक अँड कॅरट’ कानाला खटकतं.

सुखदा_म

खूप खूप आभार सगळ्यांचे (खिशातले नाहीत, साधेच :)) यादी जवळजवळ संपली. एजन्सीला मेल केलाय की वझनाग्राझ्देनियेला सहा नोंदी ठेवणार, प्रत्येकाला संदर्भ लिहून, उत्तर यायचंय.

एक शेवटचं. भ्रष्टाचारविरोधी धोरणाच्या कागदात ‘निझाकोन्नये वझनाग्राझ्देनिये अत् इमिनी युरिदीचेस्कवा लित्सा’ आहे. ‘इल्लीगल रिवॉर्ड’ फारच बाळबोध वाटतंय. ब्राइब लिहू का सरळ?

वकीलसाहेब_ठाणे

ब्राइब नको. ते त्यांच्या प्रशासकीय गुन्ह्यांच्या कोडचं कलम १९.२८ आहे, कंपनीच्या नावाने किंवा कंपनीच्या फायद्यासाठी दिलेला बेकायदा मोबदला. लाच म्हणजे ‘व्ज्यात्का’, ती क्रिमिनल कोडमधे, घेणं २९० आणि देणं २९१. रशियन कायद्याने दोन वेगळे शब्द ठेवलेत तर तुम्ही एक करू नका. (इथे एजन्सीचं सॉफ्टवेअर खूश होईल.)

‘अनलॉफुल रेम्युनरेशन ऑन बिहाफ ऑफ अ लीगल एंटिटी’ हे बहुतेक भाषांतरांत चालतं. वाचणारा भारतीय असेल तर ‘इल्लीगल ग्रॅटिफिकेशन’ त्याला लगेच कळेल, आपल्या १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम ७ ची भाषा ‘कायदेशीर मोबदल्याव्यतिरिक्त ग्रॅटिफिकेशन’ अशीच होती, २०१८ च्या दुरुस्तीत ते ‘अनड्यू ॲडव्हान्टेज’ झालं. पण अमेरिकन वाचकाला ग्रॅटिफिकेशन दिलंत तर तो भलतंच काही समजेल.

तुषार_कझान

आणि ताई त्याच कागदात ‘अत्कात’ असेल तर ते किकबॅक (सौद्यातून गुपचूप परत दिलेला वाटा), आणि ‘ना चाय’ असेल तर ते साधी टिप आहे, लाच नाही. आपलं चहापाणी वेगळं, यांचं चहाला वेगळं. इथे वेटरला ‘ना चाय’ देतात, उजळ माथ्याने. ‘बाक्शीश’ पण आहे रशियनमधे, पण तो पूर्वेकडच्या प्रवासवर्णनात, आणि त्याला आपल्या बक्षिसाचा मान नाहीये अजिबात.

सुखदा_म

अत्कात आहे, चौथ्या पानावर. ‘ना चाय’ पण आहे, भेटवस्तूंच्या परिशिष्टात. तिथे मी फॅसिलिटेशन पेमेंट लिहून ठेवलंय, बदलते लगेच.

वकीलसाहेब_ठाणे

बदलाच, फॅसिलिटेशन पेमेंट म्हणजे अडलेली फाईल हलवायला दिलेले पैसे, ते वेटरच्या नावावर चढवू नका. परिशिष्टाची वर्गवारी आहे का? म्हणजे किती रकमेपर्यंत चालतं वगैरे? तो तक्ता इथे टाका, नावं काढून, बघून सांगतो.

अनुवादिनी

तक्ता टाकाच, आणि रुबलचे आकडे लिहिताना हजाराच्या जागी स्वल्पविराम करा, रशियनमधे तिथे मोकळी जागा असते आणि स्वल्पविराम दशांशाला. बोनसच्या तक्त्यात हे चुकलं तर कोणीतरी नोकरी सोडेल.